रुजू होण्याआधीचं अर्धं पान

आफ्रिकेतल्या आंतरराष्ट्रीय शाळेत निवड झाली की शाळा शिक्षकाकडे पदवीच्या प्रती, पोलिसांचा दाखला, शिफारसपत्रं असं सगळं मागते. त्यासोबत आणखी एक गोष्ट मागते: अर्ध्या पानाचा परिचय आणि एक साधा फोटो. हे अर्धं पान शिक्षक पोहोचायच्या आधी मुलांच्या, पालकांच्या आणि नव्या सहकाऱ्यांच्या हातात पडतं. बहुतेक शाळांचं वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं, त्यामुळे जूनमध्ये ही पानं तयार व्हावी लागतात. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगावहून नैरोबी, आदिस अबाबा, कंपाला, आक्रा, लागोसकडे निघालेल्या शिक्षकांची अशी पानं गेली काही वर्षं माझ्या टेबलावरून पुढे जातात. मी नैरोबीत एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवत होते. परत आल्यावर नोएडात राहिले आणि आता जाणाऱ्यांची तयारी करून घेते. व्हिसा, करार, पगार, घरभाडं हे सगळं इतर लोक बघतात. माझ्याकडे येतो तो माणूस आणि त्याचं हे पान.

पहिला मसुदा साधारण एकाच वळणाचा असतो. इतकी वर्षं अनुभव, बोर्डाचा शंभर टक्के निकाल, बी.एड., शिक्षक पात्रतेची सीटीईटी परीक्षा उत्तीर्ण, वर्गात कडक शिस्त. हे वाचताना मला त्या शिक्षकांबद्दल आदरच वाटतो, कारण ही भाषा त्यांनी कशातून शिकली ते मी जवळून पाहिलं आहे. दिल्लीभोवतीच्या खाजगी शाळांत निकाल घसरला की नोकरी जाते. मुलाखतीत पहिला प्रश्न निकालाचा असतो आणि दुसरा ‘वर्ग सांभाळता येईल ना?’ असा. चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग सांभाळून, घरी येऊन रात्री वह्या तपासून, त्यातून आयजीसीएसई किंवा आयबीसारखा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम स्वतः शिकून ही माणसं तिथवर पोहोचलेली असतात. त्यांना आपली कमाई सांगावीशी वाटली तर त्यात गैर काय?

पण पान वाचणार कोण, हे विसरून चालत नाही. नैरोबीतली दहा वर्षांची मुलगी आईच्या फोनवर नव्या बाईंचा फोटो बघते आणि खाली वाचते, ‘कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध’. केनियाने शाळेतली छडी 2001 साली बंद केली आणि 2010च्या राज्यघटनेने त्यावर आणखी पक्कं शिक्कामोर्तब केलं. त्या मुलीच्या आईने मात्र स्वतःच्या शाळेत छडी खाल्लेली असते. हे तीन शब्द त्या घरात काय जागं करतील, याचा विचार गाझियाबादमध्ये बसून पान लिहिणाऱ्या शिक्षिकेने केलेला नसतो. मी तिला विचारते, वर्ग शांत असतो तेव्हा मुलं काय करत असतात? मग ती सांगू लागते. मुलं जोडीने गणित सोडवतात, चूक सापडली की फळ्यावर येऊन दाखवतात, शेवटची पाच मिनिटं एकमेकांना प्रश्न घालतात. मी म्हणते, हेच लिहा.

दुसऱ्या वळणाचे मसुदे जास्त सावधपणे हाताळावे लागतात. ‘आफ्रिकेतल्या गरजू मुलांच्या आयुष्यात ज्ञानाचा प्रकाश आणायची माझी इच्छा आहे.’ असं लिहिणाऱ्यांचा हेतू खरोखर चांगला असतो. मग मी त्यांच्यापुढे नैरोबीचं चित्र ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय नैरोबीत आहे. आदिस अबाबात आफ्रिकी संघाचं मुख्यालय आहे आणि संयुक्त राष्ट्रांचा आफ्रिकेसाठीचा आर्थिक आयोग 1958पासून तिथेच आहे. तुमच्या वर्गात बसणार आहेत ती राजदूतांची, बँकवाल्यांची, डॉक्टरांची, मोठ्या शेतमालकांची मुलं. त्यांच्यापैकी कित्येकांनी तुमच्यापेक्षा जास्त देश पाहिलेले असतील. आणि मुलं खरोखर गरीब असती, तरी स्वतः पोहोचण्याआधीच त्यांना अंधारातलं ठरवणाऱ्या बाईंकडे ती कुठल्या मनाने बघतील?

आफ्रिका हा एक देश असल्यासारखं बोलायची सवयही इथूनच सुटावी लागते. खंडात 54 देश आहेत. नैरोबी ते लागोस हे हवाई अंतर सुमारे 3,800 किलोमीटर भरतं. आई फोनवर विचारते, ‘तिथे उकाडा सोसेल का गं तुला?’ म्हणून मुलगी नुसते सुती कपडे भरते. आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटरहून उंच आहे आणि नैरोबी जवळजवळ सतराशे मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही वर. दिल्लीत पंचेचाळिसावरच्या पाऱ्याची सवय झालेली माणसं नैरोबीच्या जुलै-ऑगस्टात कुडकुडतात. मी प्रत्येकाला आधी स्वेटर घ्यायला लावते.

कागदांचं थोडक्यात सांगते. हेग कराराच्या देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे प्रमाणीकरणाचा शिक्का, पुरतं. करारात नसलेल्या देशांसाठी त्यानंतर चाणक्यपुरी किंवा वसंत विहारातल्या त्यांच्या दूतावासात जावं लागतं. महाराष्ट्रातली पदवी असेल तर आधी महाराष्ट्रात साक्षांकन, मग दिल्ली. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची. 2016पासून त्या लसीचा पिवळा दाखला आयुष्यभर चालतो. पण तो जवळ नसला आणि तुम्ही पीतज्वराच्या देशातून भारतात परत आलात, तर विमानतळावरून थेट सहा दिवसांच्या विलगीकरणात जावं लागू शकतं. हे सगळे शिक्के तुमची ओळख सरकारला पटवून देतात. तिथल्या माणसांना ती पटवायचं काम या अर्ध्या पानाचं.

आमच्या तयारीत नावांवर एक पूर्ण दुपार जाते आणि मला ती सगळ्यात आवडते. मी शिक्षकांना त्यांच्या येऊ घातलेल्या वर्गातल्या नावांसारखी नावं मोठ्याने वाचायला लावते. केनियातल्या लुओ लोकांत मूल कुठल्या वेळी जन्मलं त्यावरून नाव पडतं: रात्री जन्मलेला ओतिएनो, सकाळी जन्मलेली अकिन्यी, पावसात जन्मलेला ओकोथ. घानात अकान लोक जन्मवारावरून नाव ठेवतात. कोफी म्हणजे शुक्रवारचा, क्वामे शनिवारचा. कोफी अन्नान यांचं नाव वर्षानुवर्षं बातम्यांत ऐकलेल्या शिक्षकांना हे कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. किकुयू घरात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव देतात आणि पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं. हे सांगितलं की वर्गातले मराठी शिक्षक हमखास मान डोलावतात. त्यांच्या घरीही आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतं, घरात आजोबांच्या नावाने हाक मारायची नाही म्हणून नातवाला टोपणनावही असतं. इथिओपियात आडनाव नसतं. मुलाचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं नाव. आपण आडनाव गाळलं तर आपलंही तेवढंच उरतं.

हरयाणातून आलेल्या एका इंग्रजीच्या शिक्षिकेने विचारलं होतं, ‘मॅम, अवघड नावाला छोटं नाव दिलं तर चालेल ना? मुलांना सवय असेल.’ मी तिलाच विचारलं, कॉलेजात दक्षिणेच्या प्राध्यापकांनी तुमचं नाव चुकीचं घेतलं तेव्हा कसं वाटायचं? ती गप्प झाली. मग वही काढून एकेक नाव उच्चारासकट देवनागरीत लिहू लागली. देवनागरीचा हा मोठा फायदा आहे: रोमन लिपीत जिथे अंदाज करावा लागतो तिथे आपल्या लिपीत उच्चार बराच नीट बसतो. आता मी सगळ्यांना हीच युक्ती सांगते. पहिल्या दिवशी हजेरी घेताना एकही नाव अडखळलं नाही, असं तिने नंतर कंपालाहून कळवलं.

या तयारीला मी दिल्लीत राहणाऱ्या आफ्रिकी मंडळींना बोलावते. ग्रेटर नोएडाच्या खाजगी विद्यापीठांत शिकणारी मुलं-मुली, खिडकी एक्स्टेंशनमध्ये केशरचनेचं दुकान चालवणारी एक बाई, गुडगावात संगणक कंपनीत काम करणारा एक टांझानियन अभियंता. त्यांना मानधन देते, कारण ते कामच आहे. नवे शिक्षक आपला परिचय त्यांना ऐकवतात आणि मग ते प्रश्न विचारतात.

हे प्रश्न मी कधीच सुचवले नसते. तुमच्या घरी कोण कोण असतं? तुम्ही गेल्यावर आईवडिलांकडे कोण बघणार? तुम्ही एकट्या जाणार, तर तिथे आजारी पडलात तर कुणाला हाक माराल? पूर्व आफ्रिकेत माणूस भेटला की रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय हे विचारल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत. नैरोबीत आमच्या शाळेच्या फाटकावरचा रखवालदार रोज सकाळी ‘हबारी झा न्युम्बानी?’ म्हणून घरच्यांची खुशाली विचारायचा आणि उत्तर ऐकून घेतल्यावरच फाटक उघडायचा. साताऱ्यात माझे वडील सकाळी दूध आणायला गेले की परतायला अर्धा तास लागायचा, त्याचंही कारण हेच होतं. दिल्लीत आल्यावर ही सवय माझ्याही अंगातून गेली होती.

एक प्रश्न मात्र दरवेळी येतो आणि त्यावर शांतता पसरते: ‘तुम्ही आमच्या घरी जेवाल का?’

त्यामागे मोठी आठवण आहे. मोम्बासापासून आत जाणारी युगांडा रेल्वे 1896 ते 1901 या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास त्या कामावर मरण पावले. रेल्वेमागोमाग दुकानदार आले. गावोगावी भारतीयांची दुकानं उघडली, शाळा झाल्या, क्लब झाले. व्यवहार सगळ्यांशी होता, पण पंगत वेगळी. ब्रिटिशांनी वर्णावरून वस्त्या वाटल्या होत्या हे खरं, तरी स्वयंपाकघराचं दार आपणच बंद ठेवलं. 1972 साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावलं. तो अन्यायच होता आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण त्या वेळी शेजारी का उभे राहिले नाहीत, हे विचारायचं धैर्य आपल्याकडे फार कमी लोकांनी दाखवलं. 2017 साली केनिया सरकारने तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. ही सगळी आठवण बाळगणाऱ्या आफ्रिकी घराचं दार आता तुमच्यासाठी उघडणार आहे, असं मी शिक्षकांना सांगते. शाकाहारी असाल तर तसं मोकळेपणाने सांगा. उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा आणि पालेभाजी, शाकाहारीच आहे, आणि चपाती तर तिथे घरोघरी होते. सोवळं आणि शाकाहार यांत फरक आहे. समोरच्याला तो पहिल्या घासात कळतो.

ग्रेटर नोएडातली एक झांबियन मुलगी दोन वर्षांपूर्वी आली होती, औषधनिर्माणशास्त्र शिकणारी. ती म्हणाली, ‘मी इथे तीन वर्षं राहते. माझ्या गल्लीत मला कुणी नाव विचारलेलं नाही. नायजेरियन म्हणतात.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिच्यासमोर बसलेल्या, कंपालाला निघालेल्या विज्ञानाच्या शिक्षिकेचं घर त्याच भागात होतं. दोघींचा भाजीवाला एकच निघाला. त्या शिक्षिकेने त्या दिवशी पान पुन्हा लिहिलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की ती ज्या शहरात राहते तिथे आफ्रिकेतल्या कित्येक देशांचे विद्यार्थी शिकतात, आणि त्यांच्यापैकी एकीशी तिची ओळख या पानामुळे झाली. मी त्यात एक शब्द बदलला नाही.

दिल्लीच्या या बाजूबद्दल मी कुणालाही आडून सांगत नाही. ऑक्टोबर 2015मध्ये दिल्लीत भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली, 40हून अधिक राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख आले होते, रस्ते सजले होते. मे 2016मध्ये वसंत कुंज भागात रिक्षावरून झालेल्या भांडणात कांगोचा एक तरुण मारला गेला. तो दिल्लीत फ्रेंच शिकवायचा. शिक्षक होता. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी त्या वर्षीचा आफ्रिका दिनाचा कार्यक्रम पुढे ढकलायची मागणी केली. मार्च 2017मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर अफवा पसरल्या आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. सप्टेंबर 2023मध्ये प्रगती मैदानावरच्या भारत मंडपमात आफ्रिकी संघ जी-20चा स्थायी सदस्य झाला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पण नैरोबी-लागोसमधले पालक हे सगळं वाचतात. तुमच्या पानावर ‘दिल्ली’ लिहिलेलं पाहिल्यावर त्यांना काय आठवेल, हे तुम्हाला माहीत असायला हवं. एका पालकाने मला नैरोबीत पालकसभेत हे थेट विचारलं होतं. मी त्यांना जे घडलं ते घडलं असंच सांगितलं. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ येऊन बराच वेळ बोलत उभे राहिले.

पालकसभेच्या वेळेवरून एक कामाची सूचना. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘एक वाजला’. इथिओपियातही तसंच, आणि तिथलं नवं वर्ष बहुधा 11 सप्टेंबरला सुरू होतं, महिने तेरा. इंग्रजीतून बोलताना लोक आपल्या पद्धतीचीच वेळ सांगतात, पण शाळेचा चालक किंवा एखादी आजी स्वाहिलीत वेळ सांगेल तेव्हा सहा तासांचा फरक धरायचा असतो.

लातूरचा भौतिकशास्त्राचा एक तरुण शिक्षक आदिस अबाबाला निघाला होता. दिल्लीत शिकवणी वर्गात चार-पाच वर्षं काढलेली, बोलायला बुजरा. म्हणाला, ‘ताई, आमच्या घरात परदेशी गेलेला मी पहिलाच. मी माझ्याबद्दल त्यांना काय सांगू? आमच्याकडचं काही त्यांना माहीत तरी असेल का?’ मी त्याला मलिक अंबरची आठवण करून दिली. सोळाव्या शतकात इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना वर्षानुवर्षं रोखून धरलं. 1610 साली त्याने खडकी वसवली, तिचंच पुढे औरंगाबाद झालं. तिथे त्याने नहरीने पाणी आणलं. मालोजी आणि शहाजी यांचा काळ त्याच्या काळात गुंतलेला आहे. 1626 साली तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. लातूरच्या पोराला हे सगळं शाळेत शिकवलेलं होतं. फक्त मलिक अंबर इथिओपियाचा होता, हे कुणी ठसवलं नव्हतं. त्याने पानात लिहिलं: तुमच्या देशातून आलेल्या एका माणसाने आमच्या भागात शहर वसवलं, पाणी आणलं, मी आता तुमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवायला येतोय, आणि मला त्याचं गाव बघायचं आहे. पहिल्या आठवड्यात तिथल्या इतिहासाच्या शिक्षकाने त्याला घरी बोलावलं. इंजेरा, म्हणजे तिथली भाकरी, एका ताटातून सगळ्यांनी खायची असते, हे त्याला इथूनच माहीत होतं.

इथिओपियाकडे आपले शिक्षक पूर्वीही जात. सम्राट हाइले सेलासी यांच्या काळात, 1950 आणि 1960च्या दशकांत, तिथल्या सरकारी शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते, त्यात केरळचे फार. नैरोबीत गोव्याचे डॉक्टर रोझेंदो आयरेस रिबेरो यांनी देणगी दिलेली गोवेकरांची शाळा होती. हे डॉक्टर माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रुग्ण बघायला जात, आणि त्यांचं नाव ती शाळा अजून लावते. पण मी आमच्या माणसांना सगळ्यात जास्त सांगते ते अप्पासाहेब पंतांबद्दल. औंधच्या राजाचे हे पुत्र 1948 साली ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. औंध आमच्या साताऱ्यातलंच, त्यामुळे घरी त्यांचं नाव कानावर पडायचं. ज्या शहरात हॉटेलं, वस्त्या, शाळा सगळं वर्णावरून वाटलेलं होतं, तिथे त्यांच्या घरचं जेवणाचं टेबल आफ्रिकी पाहुण्यांना खुलं होतं. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकता यावं म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्यांसाठी झटून काम केलं. ब्रिटिशांना ते खुपलं आणि 1954 साली त्यांना नैरोबी सोडावी लागली. त्याच्या पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात आफ्रिकी अध्ययन विभाग सुरू झाला. पुढे मलावीचे अध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका 1960च्या दशकात याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. म्हणजे शिकणं-शिकवणं दोन्ही बाजूंनी चाललेलं होतं.

आज मात्र शिक्षकांची वाहतूक एकाच दिशेने होते, आणि हे मला सलतं. दिल्ली परिसरातल्या आंतरराष्ट्रीय शाळा इंग्लंड-अमेरिकेतून शिक्षक आणतात, त्यांचे फोटो माहितीपत्रकावर छापतात. आफ्रिकी शिक्षक मी इथल्या शाळांत जवळजवळ पाहिला नाही. मुख्याध्यापकांना विचारलं की उत्तर ठरलेलं: आम्हाला हरकत नाही हो, पण पालक काय म्हणतील?

या मार्चमध्ये माझ्याकडे एक कॅमेरूनची शिक्षिका आली. कॅमेरूनमध्ये फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही राजभाषा आहेत. तिचं शिक्षण दोन्हींत झालेलं. दिल्लीत कितीतरी वर्षं खाजगी शिकवण्या घेतलेल्या, आणि आता नोएडातल्या एका शाळेत फ्रेंचची कायम जागा मिळालेली, एप्रिलपासून. शाळेने पालकांना पाठवायला परिचय मागितला होता. तिने आणलेलं पान मी वाचलं. पदव्या, परीक्षांचे निकाल, कडक शिस्त. आपल्याच शिक्षकांचा पहिला मसुदा. आणि त्यात कॅमेरूनचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, नोकरी मिळवून देणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, देश लिहू नकोस.

आम्ही दोन संध्याकाळी बसलो. दुआलातलं तिचं घर, बाजारात कापड विकणारी आई, घरात एक भाषा, शाळेत दोन, दिल्लीतल्या मुनिरकाच्या भाजीवाल्यांकडून शिकलेली हिंदी, हे सगळं तिने लिहिलं. मुलं मधल्याच वाक्यात भाषा बदलतात तेव्हा तिला ती आपल्यासारखी वाटतात, हेही लिहिलं. शाळेच्या कार्यालयाने पान परत पाठवलं, त्यात ‘कॅमेरून’ खोडून ‘फ्रेंचभाषक देश’ केलं होतं. मी तिच्याबरोबर मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांच्यासमोर आदिस अबाबा आणि कंपालाला गेलेल्या आपल्या शिक्षकांची पानं ठेवली, ज्यांत लातूर आहे, रोहतक आहे, ग्रेटर नोएडा आहे. तिथल्या शाळांनी ती गावं खोडली असती तर तुम्हाला चाललं असतं का, असं विचारलं. त्यांनी बराच वेळ ती पानं वाचली. मग तिचं पान होतं तसं पालकांकडे गेलं.

दोन पालकांनी मुलांची तुकडी बदलून मागितली. शाळेने दिली नाही, आणि त्यासाठी त्या मुख्याध्यापकांचे मी मनापासून आभार मानले. एका आईने उलट पत्र पाठवलं, की तिच्या मुलाला कॅमेरूनचा फुटबॉलपटू सॅम्युएल एटो माहीत आहे आणि मुलाला बाईंशी फुटबॉलवर बोलायचं आहे. यंदाच्या जूनच्या माझ्या तुकडीसाठी कॅमेरूनच्या त्या शिक्षिकेने दोन शनिवार द्यायचं कबूल केलं आहे. आक्र्याला फ्रेंच शिकवायला निघालेल्या एका पुण्याच्या मुलीचं पान आधी तिच्याकडे जाईल, मग माझ्याकडे.